गाडी विकत मिळते, रस्ता मिळवावा लागतो

आपल्या एखाद्या तरुणाने नोकरी लागल्यावर कर्ज काढून चारचाकी घेतली, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिले आणि ती गाडी घेऊन तो गावी गेला, की पारावर बसलेल्यांच्या पोटात दुखू लागते. 'सवलती खाऊन माजलेत', 'कालपर्यंत पायात वहाण नव्हती', ही वाक्ये आम्हांला नवी नाहीत. तीच गाडी पाटलाच्या दारात उभी राहिली तर ती त्याच्या कर्तबगारीची खूण ठरते. आमच्या दारात उभी राहिली की उधळपट्टी ठरते. गाडी तीच, कंपनी तीच, किंमतही तीच. मग फरक कशाचा? फरक दाराचा आहे.

हा खेळ केवळ आपल्याच देशात चालतो असे कोणी समजू नये. अमेरिकेत कॅडिलॅक नावाची एक आलिशान मोटार शंभराहून अधिक वर्षे बनते आहे. गोऱ्या अमेरिकनांसाठी ती श्रीमंतीची निशाणी होती. काळ्या अमेरिकनांसाठी ती काय होती, ती त्यांना कशी मिळाली, मिळाल्यावर त्यांच्या वाट्याला काय आले आणि गोऱ्यांनी त्यावर काय शेरे मारले, ही सगळी हकीकत आपल्या चळवळीच्या वाचकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते आजचे नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ काळ्यांना गुलामीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते काळ्यांच्या हार्लेम वस्तीला लागूनच. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. आणि १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील ब्लॅक पँथरच होते. तेव्हा ही गोष्ट परक्यांची नाही.

प्रथम या गाडीच्या नावाची कुळकथा ऐका. १७०१ साली आंत्वान लोमे नावाच्या फ्रेंच माणसाने डेट्रॉइट शहराचा पाया घातला. हा गृहस्थ फ्रान्समधल्या एका लहान गावातील वकिलाचा मुलगा. अमेरिकेत उतरताच त्याने आपले नाव बदलले, कादियाक गावचा सरदार अशी पदवी स्वतःच स्वतःला बहाल केली आणि दुसऱ्याच्या कुलचिन्हावरून आपले कुलचिन्ह बेतले. समुद्रापलीकडे जाऊन खातरजमा करणार कोण? पुढे दोनशे वर्षांनी डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीने या शहर वसवणाऱ्याचे नाव घेतले. इंग्रजी तोंडात कादियाकचे कॅडिलॅक झाले. कंपनीने ते कुलचिन्हही घेतले आणि गाडीवर मिरवले. म्हणजे अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या गाडीच्या कपाळावरची कुळी मुळात बनावट! उच्च कुळाच्या कथा अशाच बनतात. कोणीतरी एकदा खोटे सांगतो, पुढच्या पिढ्या ते मिरवतात आणि ज्यांना कुळी नाही त्यांना खाली बसवतात.

ही कंपनी १९०२ साली जन्माला आली. हेन्री फोर्डचे आपल्या भांडवलदारांशी पटले नाही आणि तो कंपनी सोडून गेला. उरलेला कारखाना मोडीत काढायचा म्हणून त्याची किंमत ठरवायला हेन्री लेलँड या यंत्रकाराला बोलावले गेले. लेलँड म्हणाला, कारखाना मोडू नका, माझे इंजिन घ्या आणि गाडी बनवा. लेलँड बंदुकांच्या कारखान्यात तयार झालेला कारागीर होता. एक सुटा भाग हुबेहूब दुसऱ्यासारखा झाला पाहिजे, हा त्याचा ध्यास. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या सर्वांसमक्ष पूर्ण खोलल्या गेल्या. तिन्हींचे भाग एकत्र मिसळले. त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि त्या ५०० मैल पळवून दाखवल्या. कानस न घासता भाग बसले. या पराक्रमाबद्दल कंपनीला मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. १९०९ मध्ये जनरल मोटर्सने ही कंपनी विकत घेतली. १९१२ च्या गाडीत तिने विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर दिला आणि हँडल मारताना हात मोडून घेण्याची पाळी संपवली. 'जगाचा मानदंड' हे कंपनीचे ब्रीद झाले. तिन्ही गाड्यांचे सुटे भाग सारखे आहेत हे जगाला पटवून देणाऱ्या या कंपनीला माणसे सारखी आहेत हे मात्र पटले नव्हते.

कॅडिलॅक काळ्या माणसाला विकायची नाही, असा रिवाज होता. काळ्या माणसाने शोरूममध्ये पाऊल टाकले तर गोऱ्या गिऱ्हाइकांच्या मनातून गाडीची किंमत उतरेल ही भीती. आपल्याकडच्या विटाळाची ही अमेरिकन आवृत्ती. पण पैसा तर काळ्यांकडेही आला होता. मुष्टियोद्धे, गायक, वादक, डॉक्टर, वकील, जमीनजुमल्याचे व्यापारी असा एक लहान वर्ग उभा राहिला होता. यांनी काय करावे? त्यांनी गोरा माणूस गाठावा, त्याला काही शे डॉलर द्यावेत, त्याने शोरूममध्ये जाऊन स्वतःच्या नावे गाडी घ्यावी आणि मग ती काळ्या मालकाच्या हवाली करावी. आपल्या मराठीत याला बेनामी खरेदी म्हणतात. आपल्याकडे काळा पैसा लपवायला बेनामी व्यवहार होतात. तिकडे काळा माणूस लपवायला होत होते.

मग १९३० च्या दशकातील महामंदी आली. महागड्या गाडीला गिऱ्हाईक उरले नाही. जनरल मोटर्सच्या मोठ्या साहेबांपुढे प्रश्न आला, की कॅडिलॅक चालू ठेवावी की बंद करावी. पुढे काय घडले ते व्यवस्थापनशास्त्राचे नामवंत लेखक पीटर ड्रकर यांनी १९७९ च्या आपल्या आठवणींत सांगितले आहे. निकोलस ड्रेस्टाट नावाचा जर्मनीत जन्मलेला अधिकारी तेव्हा कॅडिलॅकच्या दुरुस्ती विभागाचा प्रमुख होता. दुरुस्तीसाठी गाड्या घेऊन कोण येते हे त्याला रोज दिसत होते. शोरूममध्ये काळे गिऱ्हाईक नव्हते, पण दुरुस्तीच्या दारात होते! तो न बोलावता साहेबांच्या बैठकीत शिरला आणि म्हणाला, गोऱ्या दलालाच्या खिशात जाणारा हा पैसा आपणच का घेऊ नये? काळ्यांना उघडपणे गाडी विका. साहेबांनी मान्यता दिली. विक्री सावरली. १९३४ मध्ये ड्रेस्टाट कॅडिलॅकचा प्रमुख झाला. उत्पादनाचा खर्च कमी करण्याची त्याची कामगिरीही त्यात होती, हे सांगितले पाहिजे. पण काळ्यांच्या डॉलरने बुडत्या कंपनीला हात दिला, हे ड्रकर स्पष्ट लिहितात.

आता यातून आम्ही काय समजायचे? कंपनीला माणुसकीचा पाझर फुटला काय? मुळीच नाही. ज्या दिवशी कंपनीचा जीव धोक्यात आला त्या दिवशी तिला काळ्या माणसाचे पैसे दिसले. भांडवलशाही न्याय करीत नाही, हिशेब करते. बाजार आपोआप जातिभेद आणि वर्णभेद मोडील असे सांगणारे पंडित आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की बाजाराने दार उघडले ते काळ्यांसाठी नव्हे, स्वतःसाठी. आणि तेही फक्त शोरूमचे दार. कारखान्याचे, बँकेचे, घराचे, हॉटेलचे दार बंदच राहिले.

काळे लोक कॅडिलॅकच्या मागे का लागले, याचे उत्तर या बंद दारांत आहे. गोऱ्या वस्तीत घर घ्यावे तर खरेदीखतातच अट लिहिलेली असे, की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, तोवर त्या राजरोस चालल्या. घरासाठी कर्ज मागावे तर काळ्यांच्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघ ओढलेली आणि १९३४ नंतर सरकारी गृहकर्ज हमीचे धोरणही तीच रेघ मानणारे. चांगल्या हॉटेलात उतरावे तर खोली नाही. दक्षिणेत आगगाडीने जावे तर काळ्यांचा डबा वेगळा, बसने जावे तर मागच्या बाकावर. अशा माणसाने पैसा कमावला तर त्याने तो घालावा कोठे? घर विकत मिळत नाही, शेजार विकत मिळत नाही, मान विकत मिळत नाही. मोटार तेवढी मिळते. आणि स्वतःच्या मोटारीत पुढच्या सीटवर बसल्यावर 'ऊठ, मागे जा' असे म्हणणारा कोणी नसतो. आपल्यापैकी ज्यांनी पंगतीतून उठवले जाण्याचा अनुभव घेतला आहे त्यांना या सुखाची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही.

काळ्यांचे मासिक 'एबनी' याने सप्टेंबर १९४९ च्या अंकात काळे लोक कॅडिलॅक का घेतात या प्रश्नावर संपादकीयच लिहिले. त्याचा आशय असा, की काळ्या माणसासाठी ही गाडी म्हणजे कोणत्याही गोऱ्याइतकाच मीही मोलाचा आहे हे सांगणारे एक हत्यार आहे. हार्लेममध्ये मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन याची गुलाबी कॅडिलॅक त्याच्या बारबाहेर उभी राहायची आणि पोरे तिच्याभोवती जमायची. त्या पोरांना गाडी हवी होती हे खरे. पण आपल्यासारख्या रंगाचा माणूस त्या गाडीचा मालक आहे, हे पाहण्यासाठी ती अधिक जमत असतील असे आम्हांला वाटते.

गाडी घरी आली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हते. खरी परीक्षा रस्त्यावर. शहराबाहेर पडले की पेट्रोल कोठे मिळेल, लघवीला कोठे थांबता येईल, रात्र कोठे काढायची, हे सगळे आधी ठरवावे लागे. पंपावर पैसे घेत, पण संडास वापरू देत नसत. काही गावांच्या वेशीवर सूर्य मावळल्यानंतर काळ्यांनी गावात दिसू नये अशा पाट्या होत्या. अशा मुलखात रात्री गाडी बंद पडणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून दणकट, मोठी, वाटेत दगा न देणारी गाडी ही चैन नव्हती, संरक्षण होते. डिकीत जेवणाचे डबे, पाणी आणि जास्तीचे पेट्रोल. हॉटेल मिळाले नाही तर पाय पसरून झोपता येईल एवढी मागची सीट. १९५९ ची कॅडिलॅक जवळजवळ पावणेएकोणीस फूट लांब होती आणि तिच्या मागे विमानासारखे उंच पंख होते. गोऱ्यांना ते पंख शोभेचे वाटत. काळ्या कुटुंबासाठी त्या लांबीत एक चालते घर मावत होते.

या अडचणीवर उपाय म्हणून १९३६ पासून व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या हार्लेमच्या टपाल कर्मचाऱ्याने 'ग्रीन बुक' काढायला सुरुवात केली. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावात कोठे जेवण, खोली, पेट्रोल मिळेल याची ती यादी. ही पुस्तिका सुमारे तीस वर्षे निघत राहिली. एका मोटारवाल्या राष्ट्रात माणसाला जेवणासाठी पुस्तक बघावे लागत होते! आणखी एक युक्ती होती. पुष्कळ काळे मालक गाडीत ड्रायव्हरची टोपी ठेवीत. पोलिसाने अडवले की टोपी डोक्यावर चढवायची आणि सांगायचे, 'साहेबांची गाडी आहे, पोहोचवायला निघालोय.' स्वतःच्या कष्टाची गाडी, पण जीव वाचवण्यासाठी स्वतःला तिचा नोकर म्हणवून घ्यायचे. आपली जात लपवून शहरात भाड्याची खोली घेणाऱ्या आमच्या बांधवांना ही टोपी ओळखू येईल.

लेलँडचीच दुसरी एक गाडी या वेदनेची साक्षीदार आहे. कॅडिलॅक सोडल्यावर १९१७ साली त्याने नवी कंपनी काढली आणि तिला गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकनचे नाव दिले. १८६४ साली लेलँडने आपले पहिले मत लिंकनलाच दिले होते. ती लिंकन कंपनी १९२२ मध्ये फोर्डने घेतली. जॅक जॉन्सन हा १९०८ साली जगज्जेता झालेला पहिला काळा हेवीवेट मुष्टियोद्धा. जून १९४६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एका खानावळीत काळा म्हणून त्याला वाढायला नकार दिला गेला. संतापाने तो गाडी भरधाव घेऊन निघाला आणि अपघातात मेला. त्याची गाडी लिंकन होती. मुक्तिदात्याच्या नावाची गाडी विकत मिळाली, मुक्ती मिळाली नाही.

रस्त्यावरचा हा अपमान मुकाट्याने गिळला गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. मिसिसिपी राज्यात डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्या संघटनेने १९५२ मध्ये मोहीम काढली आणि गाड्यांवर स्टिकर लावले. त्याचा अर्थ असा, की जेथे संडास वापरू देत नाहीत तेथे पेट्रोल घेऊ नका. या मोहिमेत मेडगर एव्हर्स हा तरुण कार्यकर्ता होता, ज्याचा पुढे १९६३ साली खून झाला. एकटा गाडीवाला पंपवाल्याशी भांडला तर मार खातो. हजारो गाडीवाले एकाच दिवशी पंपाकडे पाठ फिरवतात तेव्हा पंपवाल्याला माणुसकी आठवते. ड्रेस्टाटच्या साहेबांना जो हिशेब मंदीने शिकवला, तोच हिशेब इथे संघटनेने शिकवला. फरक एवढाच, की मंदीची वाट पाहावी लागली नाही.

काळ्यांनी कॅडिलॅक घेतली म्हणताच गोऱ्यांनी काय केले? नाके मुरडली. मग टिंगल सुरू झाली. १९७० च्या सुमारास सरकारी मदतीवर जगणारा माणूस कॅडिलॅक घेऊन मदतीचा धनादेश आणायला जातो, अशी टवाळी करणारे गाणे रेडिओवर वाजत होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडून गायक जॉनी कॅशला व्हाइट हाउसमधील कार्यक्रमात हे गाणे म्हणण्याची फर्माईश झाली. कॅश हा गोरा गायक, पण त्याने ते गाणे म्हटले नाही, ही त्याच्या पदरची पुण्याई. १९७६ च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी शिकागोतील एका बाईची फसवणुकीची गोष्ट गावोगाव सांगितली. वर्तमानपत्रे तिच्या कॅडिलॅकचा उल्लेख विसरत नव्हती. एका बाईच्या लबाडीवरून मदत घेणाऱ्या लाखो गरीब आयाबाया लबाड ठरल्या, आणि गोऱ्यांच्या मनात त्या सगळ्या काळ्याच होत्या. प्रत्यक्षात मदत घेणाऱ्यांत गोरेही मोठ्या संख्येने होते. पण त्यांच्या गाड्या कोणी मोजल्या नाहीत. आपल्याकडे राखीव जागांवर बोलताना एखाद्या अधिकाऱ्याच्या मोटारीचे उदाहरण देऊन सगळ्या समाजाच्या हक्कांवर घाला घालणारे लेख आपण वाचतो. ते कोणत्या शाळेत शिकले आहेत, हे आता कळेल.

आता या गाड्या बनवणाऱ्या हातांकडे वळू. दक्षिणेतून लाखो काळे कामगार डेट्रॉइटला आले. त्यांना भट्टीची, ओतकामाची, रंगाच्या धुराची कामे मिळाली. जून १९४३ मध्ये पॅकार्ड या कॅडिलॅकच्याच तोडीच्या गाडीच्या कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती दिली म्हणून सुमारे २५ हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. देश युद्धात होता, कारखाना विमानांची इंजिने बनवत होता, तरी काळ्याच्या शेजारी उभे राहून काम करणे नको होते. त्याच महिन्यात डेट्रॉइटला दंगल पेटली. ३४ माणसे मेली, त्यांत २५ काळी होती. बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी आहे असे सांगितले. पॅकार्डच्या दारात ती विभागणी रस्त्यावर उभी होती. केवळ कामगार एकजुटीच्या घोषणा देऊन जातीचा प्रश्न मिटतो असे समजणाऱ्या आमच्या डाव्या मित्रांनी हा दाखला जपून ठेवावा.

१९६८ मध्ये डॉजच्या मोठ्या कारखान्यात काळ्या कामगारांनी मालक आणि गोऱ्या युनियन नेत्यांविरुद्ध स्वतःची क्रांतिकारी संघटना उभी केली. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. मग जनरल मोटर्सला कॅडिलॅकसाठी नवा कारखाना हवा झाला. त्याच जागेसह शेजारची पोलटाउन ही वस्ती डेट्रॉइट महापालिकेने ताब्यात घेऊन कंपनीला दिली. पोलिश आणि काळ्या गरिबांची मिळून चार हजारांवर माणसे उठवली गेली. घरे, दुकाने, चर्च पाडले. १९८१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे सार्वजनिक हिताचे आहे म्हटले आणि २००४ मध्ये त्याच न्यायालयाने आपला तो निकाल चुकीचा होता म्हणून रद्द केला. तोवर वस्ती कोठे उरली होती? 'सार्वजनिक हित' हा शब्द ऐकला की आपल्याकडचे धरणग्रस्त आणि झोपडपट्टीवासी का दचकतात, ते डेट्रॉइटमध्येही कळते. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी पुकारली तेव्हा सरकारने तिला उचलून धरले. २०१३ मध्ये बहुसंख्य काळ्या वस्तीचे डेट्रॉइट शहर दिवाळखोर झाले, तेव्हा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनीला कात्री लागली.

आज तर शोरूममध्ये सर्वांना मुजरा मिळतो. मग भेद संपला का? जनरल मोटर्सची जुनी कर्ज कंपनी पुढे 'अ‍ॅली' या नावाने चालू लागली. तिच्या कर्जावर डीलर लोक काळ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई वंशाच्या गिऱ्हाइकांना गोऱ्यांपेक्षा जास्त व्याज लावतात, असा ठपका अमेरिकन सरकारनेच ठेवला. डिसेंबर २०१३ मध्ये ९ कोटी ८० लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. २ लाख ३५ हजारांवर कर्जदारांचा हा प्रश्न होता. पूर्वी काळ्या माणसाला गोऱ्या दलालाला वरचे पैसे द्यावे लागत. आता ते व्याजात मिसळून द्यावे लागले. दलाल गेला, दलाली राहिली! आणि रस्त्यावर? २०१६ च्या जुलैत मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या शाळेतल्या भोजनगृहाच्या काळ्या कर्मचाऱ्याची पोलिसाने गाडी अडवली आणि गाडीतच त्याला गोळ्या घातल्या. पोलीस न्यायालयात निर्दोष सुटला. ड्रायव्हरची टोपी गेली म्हणून भीती गेली असे नाही.

या सगळ्या गाड्यांतली एक गाडी आम्हांला विसरता येत नाही. मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा घेतलेले दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. तेराशे सफाई कामगारांनी संप केला. 'मी माणूस आहे' अशा पाट्या गळ्यात घालून ते रस्त्यावर उतरले. त्यांच्या मदतीला मार्टिन ल्यूथर किंग आले आणि लोरेन मोटेलमध्ये उतरले. काळ्या मालकाचे हे मोटेल 'ग्रीन बुक'च्या यादीतले. गोरे लोक काळ्यांच्या प्रेतालाही शिवत नसल्याने काळ्यांचा अंत्यसंस्काराचा व्यवसाय त्यांचाच होता. त्या व्यवसायातली मंडळी कॅडिलॅक बाळगीत आणि चळवळीला वापरायला देत. अशाच एका काळ्या व्यावसायिकाने दिलेली पांढरी कॅडिलॅक ४ एप्रिलच्या संध्याकाळी किंगना जेवायला नेण्यासाठी सज्जाखाली उभी होती. किंग सज्जात आले आणि गोळी लागली. त्या गाडीत ते बसलेच नाहीत. हे मोटेल आज नागरी हक्कांचे संग्रहालय आहे आणि सज्जाखाली तशीच पांढरी कॅडिलॅक उभी केलेली आहे. आमच्या मते कॅडिलॅकच्या सगळ्या इतिहासात तिला इतका मान दुसऱ्या कोठे मिळाला नसेल. मालकाची श्रीमंती दाखवायला ती तेथे उभी नव्हती, सफाई कामगारांच्या लढ्यासाठी उभी होती.

आणखी दोन प्रसंग सांगून आटोपतो. गायक चक बेरीला लहानपणी सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरने काळा म्हणून तिकीट नाकारले होते. १९८६ साली त्याच्या जीवनावरील चित्रपटासाठी तो त्याच थिएटरच्या रंगमंचावर आपली लाल कॅडिलॅक घेऊन आला. ती गाडी आज वॉशिंग्टनमधील आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसरा प्रसंग एड वेलबर्न यांचा. १९५० च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या मोटार प्रदर्शनात आठ वर्षांच्या एका काळ्या मुलाने कॅडिलॅकची सायक्लोन नावाची प्रायोगिक गाडी पाहिली आणि ठरवले, की मी अशा गाड्या काढीन. अकराव्या वर्षी त्याने जनरल मोटर्सला पत्र लिहून कोणते शिक्षण घ्यावे ते विचारले. पुढे तो काळ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकला, १९७२ मध्ये कंपनीत लागला आणि २००३ पासून तिच्या डिझाइन विभागाच्या शिखरावर पोहोचून २०१६ मध्ये निवृत्त झाला. ज्या कंपनीत काळ्याला बेनामी गिऱ्हाईक व्हावे लागत होते, तिच्या सगळ्या गाड्यांचे रूप काळा माणूस ठरवू लागला. विकत घेणाऱ्यापासून घडवणाऱ्यापर्यंतचा हा प्रवास शिक्षणाने झाला. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी पहिला का ठेवला, याचे याहून चांगले उत्तर आम्हांला सापडत नाही.

वाहनाचा आणि माणुसकीचा संबंध काय असतो हे आपल्याला खरे तर अमेरिकेने शिकवावे लागत नाही. १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. अंगावर नीटनेटके कपडे, खिशात पैसे. पण महार म्हटल्यावर बैलगाडीवाला गाडी हाकेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन तो पायी चालला आणि गाडी पोरांनी हाकली. १९२९ साली तेच भीमराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला गेले. टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकेना. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पैसा होता, पदवी होती, वाहनही होते. रस्ता जातीचा होता.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. आमच्या तरुणांनी गाड्या जरूर घ्याव्यात आणि ताठ मानेने गावात न्याव्यात. कोणाच्या पोटात दुखते याची पर्वा करू नये. मात्र दिखाव्यापायी हप्त्यांत बुडून मुलांच्या शिक्षणाचा पैसा गाडीत घालू नये. आणि गाडी आली म्हणजे आपण सुटलो, या भ्रमात तर कोणीच राहू नये. आजही नवरदेव घोड्यावर बसला म्हणून आमच्या वरातींवर दगड पडतात. घोडा विकत मिळतो, भाड्याने मिळतो. दगड थांबवायला संघटनाच लागते. मिसिसिपीच्या गाडीवाल्यांनी पंपाकडे एकजुटीने पाठ फिरवली तशी एकजूट लागते.

आपल्यापैकी ज्याच्या दारात आज गाडी उभी आहे त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. माझ्या शहरातला सफाई कामगार उद्या संपावर बसला, तर त्याच्या मंडपासमोर माझी गाडी उभी असेल काय? उत्तर होय असेल, तर त्या गाडीच्या काचेवरचा 'जय भीम' खरा.